पीत पत्रकारिता म्हणजे काय? माणसाची गोष्ट सांगता सांगता तिचा बाजार कधी होतो?

सप्टेंबर १८८७. न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाची तेवीस वर्षांची बातमीदार वेड लागल्याचं सोंग घेऊन सरकारी वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. दहा दिवसांनी बाहेर आल्यावर तिने आतल्या बायकांचे हाल लिहिले. शहर हादरलं आणि चौकशी बसली.

फेब्रुवारी १८९८. क्युबातल्या हवाना बंदरात एका अमेरिकी युद्धनौकेत स्फोट झाला आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. स्फोट कशाने झाला हे कुणालाच माहीत नव्हतं. पण दोन दिवसांत याच ‘वर्ल्ड’ने पहिल्या पानावर भला मोठा मथळा छापून विचारलं : बॉम्ब की टॉर्पेडो? अपघाताची शक्यता त्या मथळ्यात नव्हतीच.

वर्तमानपत्र तेच, मालक तोच आणि वाचकाला खिळवून ठेवण्याची हातोटीही तीच. एकदा तिच्यामुळे कोंडलेल्या बायकांना वाचा फुटली. दुसऱ्या वेळी लोकांचा संताप पुराव्याच्या आधीच पेटला.

‘पीत पत्रकारिता’ हा शब्द मराठीत आपण शिवीसारखा वापरतो. तो आला याच वर्तमानपत्राच्या आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या भांडणातून. सनसनाटी बातमी आणि काळजाला हात घालणारी माणसाची गोष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण समजतो. पण त्या जन्मल्या एकाच घरात. त्यांच्यातला फरक कुठे असतो, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

एका सेंटचा पेपर

१८३० च्या सुमारास अमेरिकेत वर्तमानपत्र साधारण सहा सेंटला मिळायचं. त्यात जहाजांची ये-जा, मालाचे भाव, राजकीय भाषणं असायची. वाचक म्हणजे व्यापारी आणि पुढारी. मजूर, कारकून, मोलकरीण यांच्यासाठी त्यात काही नव्हतं आणि त्यांच्याबद्दलही काही नव्हतं.

३ सप्टेंबर १८३३ रोजी बेंजामिन डे या छापखानेवाल्याने न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ नावाचा पेपर काढला. किंमत एक सेंट. रस्त्यावर पोरं ओरडून तो विकायची. डे यांनी एक माणूस पोलीस कोर्टात बसवला. दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा, पाकीटमार, शेजाऱ्यांची भांडणं, असं तिथे दिसेल ते तो लिहायचा. सामान्य माणसाला पहिल्यांदाच आपल्या गल्लीतली माणसं छापील कागदावर दिसली आणि पेपर हातोहात खपू लागला.

यात पैशाचं गणितही होतं. एका सेंटमध्ये पेपरचा खर्च निघत नाही, तो जाहिरातीतून काढावा लागतो. जाहिरात हवी तर खप हवा, आणि खप हवा तर प्रत्येक दिवशी काहीतरी असं हवं की ज्यासाठी माणूस खिशात हात घालेल. मोबाईलवरच्या फुकट बातमीमागे आजही हेच गणित आहे. तेव्हा खप मोजायचे, आता क्लिक मोजतात.

या गणिताचे दोन्ही परिणाम लगेच दिसले. ऑगस्ट १८३५ मध्ये ‘सन’ने सहा भागांची मालिका छापली. जॉन हर्शेल या नामांकित खगोलशास्त्रज्ञाला नव्या दुर्बिणीतून चंद्रावर जंगलं, प्राणी आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याचं त्यात म्हटलं होतं. हर्शेल तेव्हा खरोखरच दक्षिण आफ्रिकेत आकाशाचा अभ्यास करत होते. बाकी सगळं थाप होतं. खऱ्या माणसाचं नाव, खरं ठिकाण आणि मधोमध धादांत खोटं, ही खोट्या बातमीची जुनी पाककृती आहे.

दुसऱ्या वर्षी, एप्रिल १८३६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये हेलन ज्युएट या वेश्येचा खून झाला. आरोपी होता एक तरुण कारकून. ‘हेरल्ड’चे संपादक जेम्स गॉर्डन बेनेट स्वतः त्या घरात गेले आणि खोलीचं, प्रेताचं वर्णन त्यांनी वाचकांपुढे मांडलं. पुढे ‘सन’ने आरोपीला दोषी धरलं, तर ‘हेरल्ड’ने निर्दोष. खटला उभा राहण्याआधीच शहर दोन तटांत विभागलं होतं. शेवटी आरोपी सुटला.

‘ह्यूमन इंटरेस्ट’ म्हणजे नेमकं काय?

बातमीच्या धंद्यात ‘ह्यूमन इंटरेस्ट स्टोरी’ हा शब्द रोजचा आहे. घटना मोठी असेल नसेल, पण ती ज्याच्यावर गुदरली त्या माणसाच्या नजरेतून सांगितली जाते. ‘दुष्काळात इतके हेक्टर पीक गेलं’ ही बातमी झाली. ‘एका शेतकऱ्याने दावणीची बैलजोडी विकली आणि त्या रात्री तो जेवला नाही’ ही ह्यूमन इंटरेस्ट स्टोरी. आकडा डोक्यात जातो, माणूस काळजात.

हेलन मॅकगिल ह्यूज या समाजशास्त्रज्ञ महिलेने १९४० मध्ये या विषयावर एक पूर्ण पुस्तकच लिहिलं. खेड्यात पारावर, विहिरीवर ज्या गोष्टी कानोकानी व्हायच्या, त्यांची जागा मोठ्या शहरात वर्तमानपत्राने घेतली, असं या प्रकाराकडे पाहता येतं. अनोळखी माणसाचं दुःख वाचून ‘हे आपल्यावरही येऊ शकतं’ असं वाटणं, ही शहरात एकमेकांना न ओळखणाऱ्या लाखो लोकांना जोडणारी गोष्ट होती.

सनसनाटीचं काम थोडं वेगळं. तिला वाचकाला जोडायचं नसतं, धक्का द्यायचा असतो. भीती, राग, किळस किंवा चटक यांपैकी काहीतरी जागं झालं की तिचं काम झालं. अडचण अशी की दोन्हींचं साहित्य एकच आहे : एक माणूस, एक प्रसंग आणि भरपूर तपशील.

पुलित्झर यांचं ‘वर्ल्ड’

या साहित्याचा सगळ्यात मोठा कारागीर म्हणजे जोसेफ पुलित्झर. जन्म १८४७ मध्ये हंगेरीत. १८६४ मध्ये यादवी युद्धात सैनिक म्हणून भरती होऊन ते अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना धड इंग्रजी येत नव्हतं. १८८३ मध्ये त्यांनी तोट्यातलं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ विकत घेतलं. खप होता जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. चार-पाच वर्षांत तो अडीच लाखांच्या घरात गेला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. हवा न येणाऱ्या कोंदट चाळींमध्ये गरिबांची तान्ही मुलं दगावू लागली. इतर पेपरांनी आकडे छापले. ‘वर्ल्ड’ने मथळा दिला तो ‘बाळं कशी भाजली जातात’ अशा अर्थाचा. मथळा भडक होता, यात शंका नाही. पण बातमी खरी होती आणि एरवी ज्यांच्या मरणाची नोंद कुणी वाचत नव्हतं, त्यांची होती.

१८८५ मध्ये फ्रान्सने भेट दिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यासाठी चौथरा बांधायला पैसे नव्हते. श्रीमंतांनी हात आखडता घेतला. पुलित्झर यांनी जाहीर केलं, की जो काही देईल, मग ते अगदी काही सेंट का असेनात, त्याचं नाव पेपरात छापलं जाईल. पाच महिन्यांत एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. देणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर होती आणि बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिलं होतं. शाळकरी मुलांनी साठवलेले पैसे पाठवल्याच्या चिठ्ठ्या पेपरात छापून येत. यात खप वाढवण्याची युक्ती होतीच. पण आज न्यूयॉर्कच्या बंदरात उभा असलेला तो चौथरा याच युक्तीचं फळ आहे.

वेड्यांच्या इस्पितळातले दहा दिवस

सुरुवातीला ज्या बातमीदार बाईचा उल्लेख झाला, त्यांचं खरं नाव एलिझाबेथ कोक्रन. जग त्यांना नेली ब्लाय या टोपणनावाने ओळखतं. एका खानावळीवजा वसतिगृहात राहून त्यांनी वेडेपणाचं नाटक केलं. पोलीस आले, कोर्टात उभं केलं गेलं, डॉक्टरांनी तपासलं आणि त्या वेड्या असल्याचा शिक्का बसला. तिथून रवानगी झाली ब्लॅकवेल्स आयलंड या बेटावरच्या इस्पितळात.

आत गेल्यावर त्यांनी नाटक बंद केलं. त्या अगदी नेहमीसारख्या वागू-बोलू लागल्या. तरीही कुणाला संशय आला नाही. त्यांना दिसलं ते असं : गार पाण्याच्या बादल्या अंगावर ओतून होणारी अंघोळ, खाता न येणारं अन्न, तासन्‌तास बाकावर गप्प बसण्याची सक्ती, परिचारिकांची मारहाण. काही बायका वेड्या नव्हत्याच. त्या परदेशातून आलेल्या होत्या, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांचं म्हणणं समजून घ्यायला कुणी दुभाषा बोलावला नव्हता.

‘वर्ल्ड’च्या वकिलाने त्यांना बाहेर काढलं. लेख छापून आल्यावर ग्रँड ज्युरीने चौकशी केली, ब्लाय यांना सोबत घेऊन इस्पितळाची पाहणी केली आणि सुधारणांची शिफारस केली. अशा संस्थांसाठीच्या सरकारी निधीतही वाढ झाली.

हा प्रकार सनसनाटी नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. सोंग होतं, थरार होता, बातमीदार स्वतःच गोष्टीची नायिका होती. पण तिने जे लिहिलं ते स्वतः पाहिलेलं होतं, चौकशीत तपासता येणारं होतं, आणि गोष्टीचा रोख ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांच्यावर होता, कोंडलेल्या बायकांवर नव्हता.

दोन वर्षांनी हेच ‘वर्ल्ड’ याच ब्लाय यांना एकटीने पृथ्वीप्रदक्षिणेला पाठवतं. १४ नोव्हेंबर १८८९ ला त्या निघाल्या आणि ७२ दिवसांनी परत आल्या. त्यांना किती वेळ लागेल याच्या अंदाजाची स्पर्धा पेपरने लावली, तिला लाखो उत्तरं आली. या वेळी उघड करण्यासारखं काही नव्हतं. गोष्ट होती ती फक्त गोष्टीसाठी. बातमी हळूहळू तमाशाकडे सरकत होती.

‘पिवळा’ रंग कुठून आला?

१८९५ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हा गर्भश्रीमंत तरुण न्यूयॉर्कमध्ये आला आणि त्याने ‘जर्नल’ हा पेपर विकत घेतला. पुलित्झर यांचीच पद्धत त्याने उचलली, फक्त आवाज दुप्पट केला. पेपरची किंमत ठेवली एक सेंट. ‘वर्ल्ड’ची माणसं जास्त पगार देऊन तो पळवू लागला.

पळवलेल्यांमध्ये एक होता चित्रकार रिचर्ड आउटकॉल्ट. ‘वर्ल्ड’च्या रंगीत रविवार पुरवणीत तो गरीब वस्तीतल्या पोरांची व्यंगचित्रं काढायचा. त्यातला एक टकलू, मोठ्या कानांचा, घोळदार पिवळा झगा घातलेला पोरगा लोकांना भलताच आवडला. त्याचं नावच ‘यलो किड’ पडलं. आउटकॉल्ट ‘जर्नल’मध्ये गेला, पण ‘वर्ल्ड’ने दुसऱ्या चित्रकाराकडून तोच पोरगा काढून घेणं चालू ठेवलं. शहरात दोन-दोन पिवळी पोरं झाली. १८९७ च्या सुरुवातीला ‘न्यूयॉर्क प्रेस’चे संपादक एर्विन वॉर्डमन यांनी या दोन्ही पेपरांना उद्देशून ‘यलो जर्नलिझम’ हा शब्द वापरला. मराठीत त्याची झाली पीत पत्रकारिता.

पत्रकारितेचे इतिहासकार फ्रँक ल्यूथर मॉट यांनी पुढे तिची लक्षणं सांगितली : किरकोळ बातमीलाही अंगावर येणारे मथळे, चित्रांचा भडिमार, बनावट मुलाखती आणि खोटं शास्त्र, रंगीत रविवार पुरवणी. आणि पाचवं लक्षण, जे सहसा कुणी सांगत नाही : दुबळ्यांविषयी सहानुभूतीचं प्रदर्शन. म्हणजे कणव हीसुद्धा या धंद्यातली विकाऊ वस्तू होती.

खरं दुःख, खोटं चित्र

याची कसोटी लागली क्युबामध्ये. १८९५ पासून क्युबातले लोक स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढत होते. स्पेनच्या जनरल वेलर यांनी खेड्यापाड्यांतली माणसं उठवून तटबंद छावण्यांमध्ये कोंडली. उपासमारीने आणि रोगराईने तिथे लाखाहून जास्त माणसं मेली, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. तिथे सांगायला भयानक सत्य होतं. त्यात भर घालायची गरज नव्हती.

तरीही भर घातली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये ‘जर्नल’ने बातमी दिली, की स्पॅनिश अधिकाऱ्यांनी एका अमेरिकी जहाजावर क्युबन तरुणींची कपडे उतरवून झडती घेतली. सोबत फ्रेडरिक रेमिंग्टन या नामवंत चित्रकाराचं चित्र होतं : विवस्त्र स्त्री आणि तिच्याभोवती गणवेशातले पुरुष. रेमिंग्टन तिथे नव्हता, चित्र त्याने कल्पनेने काढलं होतं. जहाज अमेरिकेत पोहोचल्यावर ‘वर्ल्ड’च्या बातमीदाराने त्या स्त्रियांनाच गाठून विचारलं. झडती बायकांनी घेतली होती, पुरुष हजर नव्हते, असं उत्तर मिळालं. मूळ बातमी लिहिणारे रिचर्ड हार्डिंग डेव्हिस इतके संतापले, की हर्स्ट यांच्यासाठी त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

या प्रकरणात नुकसान कुणाचं झालं? त्या तरुणींना जे सोसावं लागलं, ते तर मागेच पडलं. ज्या बाईच्या अब्रूसाठी म्हणून गळा काढला, तिलाच पेपरने लाखो लोकांपुढे विवस्त्र उभं केलं होतं.

मग १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री ‘मेन’ या युद्धनौकेत स्फोट झाला. ‘वर्ल्ड’च्या मथळ्यात निदान प्रश्नचिन्ह होतं. ‘जर्नल’ने तेही ठेवलं नाही. हे शत्रूचंच कृत्य आहे असं सांगून त्याने गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. मार्चमध्ये नौदलाच्या चौकशीने बाहेरच्या सुरुंगामुळे स्फोट झाल्याचा निष्कर्ष काढला, पण सुरुंग कुणी लावला हे तिला सांगता आलं नाही. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं.

खपाच्या शर्यतीत दोन्ही पेपर एकमेकांच्या बातम्या चोरत. ‘जर्नल’ने युद्धाच्या काळात ‘कर्नल रेफ्लिप डब्ल्यू. थेनूझ’ नावाच्या एका अधिकाऱ्याच्या मृत्यूची बातमी छापली. ‘वर्ल्ड’नेही ती लगोलग छापली. मग ‘जर्नल’ने जाहीर केलं, की असा माणूस नाहीच. त्या नावाच्या इंग्रजी अक्षरांमध्ये ‘आम्ही बातम्या चोरतो’ हे वाक्य दडवलेलं होतं. प्रतिस्पर्ध्याची फजिती झाली खरी. पण ती करण्यासाठी आपणच आपल्या वाचकांना खोटी बातमी दिली, याचं ‘जर्नल’ला काही वाटलं नाही.

‘युद्ध मी पुरवतो’ ही तार खरी आहे का?

पीत पत्रकारितेबद्दल सांगितली जाणारी सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट अशी : क्युबात गेलेल्या रेमिंग्टनने तार केली, की इथे शांतता आहे, युद्ध होणार नाही. हर्स्ट यांनी उलट तार केली, की तू चित्रं पाठव, युद्धाचं मी बघतो.

गोष्ट इतकी चपखल आहे की ती सोशल मीडियावर आजही फिरते. पण ही तार कधीच कुणाला सापडलेली नाही. जेम्स क्रीलमन या पत्रकाराने १९०१ मध्ये आपल्या पुस्तकात ती प्रथम सांगितली आणि तो स्वतः तेव्हा क्युबात नव्हता. हर्स्ट यांनी तिचा इन्कार केला होता. शिवाय रेमिंग्टन गेला तेव्हा क्युबात आधीच युद्ध पेटलेलं होतं. डब्ल्यू. जोसेफ कॅम्पबेल या अभ्यासकाने ही कथा तपासून ती बहुधा घडलीच नसावी असा निष्कर्ष काढला. ‘सिटिझन केन’ या १९४१ च्या चित्रपटाने मात्र ती अजरामर केली.

‘दोन पेपरांनी युद्ध लावलं’ हे विधानही आज बहुतेक इतिहासकार जसंच्या तसं मान्य करत नाहीत. क्युबातली परिस्थिती, अमेरिकेचं राजकारण आणि तिची वाढती महत्त्वाकांक्षा ही कारणं मोठी होती. पेपरांनी वातावरण तापवलं, पुराव्याची वाट पाहणाऱ्यांना भित्रे ठरवलं, इतकं नक्की म्हणता येतं.

युद्ध ऑगस्टमध्ये थांबलं. लढाईत मेले त्याच्या कितीतरी पट अमेरिकी सैनिक रोगांनी मेले. फिलिपिन्स, प्वेर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे आले आणि फिलिपिन्समध्ये पुढच्याच वर्षी नवं, अधिक रक्तरंजित युद्ध सुरू झालं.

पेपर विकणाऱ्या पोरांची गोष्ट

युद्धात खप वाढला तेव्हा दोन्ही पेपरांनी रस्त्यावर विकणाऱ्या मुलांसाठी शंभर अंकांची किंमत ५० सेंटवरून ६० सेंट केली. युद्ध संपलं, खप उतरला, पण वाढवलेले दहा सेंट उतरले नाहीत. न विकलेले अंकही परत घेतले जात नसत. जुलै १८९९ मध्ये या मुलांनी संप केला. त्यात दहा-बारा वर्षांची पोरंही होती. सुमारे दोन आठवडे ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल’ विकायला त्यांनी नकार दिला. ‘वर्ल्ड’चा खप निम्म्याहून खाली आला.

किंमत कमी झाली नाही, पण उरलेले अंक परत घ्यायला मालकांना कबूल व्हावं लागलं. पिवळ्या झग्यातला गरीब पोरगा ज्यांना पुरवणीत लाखमोलाचा वाटत होता, त्यांना दारातला खराखुरा गरीब पोरगा दिसत नव्हता.

मुंबईतला खटला आणि ‘ब्लिट्झ’

गोष्टीत खोटं काहीच नसलं, तरी ती एकतर्फी असू शकते. याचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं आहे.

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा या व्यावसायिकावर गोळ्या झाडल्या आणि स्वतः पोलिसांकडे हजर झाले. पत्नीचे आहुजांशी संबंध असल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या इंग्रजी साप्ताहिकाने हे प्रकरण उचललं. फसवला गेलेला सच्चा, देखणा अधिकारी विरुद्ध पैसेवाला, रंगेल पुरुष अशी मांडणी झाली. ४ आण्यांचा, म्हणजे २५ पैशांचा अंक तेव्हा २ रुपयांपर्यंत विकला गेल्याचं सांगतात. कोर्टाबाहेर गर्दी होई. रस्त्यावर विक्रेते ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी पिस्तूल’ नावाची खेळणी विकत.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना हा निकाल पटण्यासारखा वाटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ‘ब्लिट्झ’ची मोहीम चालूच राहिली. अखेर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. (हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता असं नेहमी सांगितलं जातं, ते खरं नाही. त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्युरी खटले चालले.)

‘ब्लिट्झ’ने घटना बनवल्या नव्हत्या. पण जो माणूस आता बोलू शकत नव्हता, त्याची बाजू सांगायला त्या गोष्टीत जागा नव्हती. ज्या बाईच्या आयुष्यावर देशभर चर्चा झाली, ती फक्त प्रकरणातलं एक पात्र उरली. २०१६ च्या ‘रुस्तम’पर्यंत हिंदी सिनेमाही हाच नायक घेऊन आला.

पुढे विधी आयोगाने २००६ मध्ये आपला २०० वा अहवाल ‘मीडिया ट्रायल’ याच विषयावर दिला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनावर निकाल देताना सांगितलं, की माध्यमांनी चालवलेला खटला न्यायाच्या कामात अडथळा आणतो. आत्महत्येच्या बातमीत मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नये, गुन्ह्याचं नाट्यरूपांतर दाखवू नये, साक्षीदारांच्या मुलाखती घेत बसू नये, अशा मर्यादा न्यायालयाने घालून दिल्या.

मग फरक कशात आहे?

मथळा मोठा आहे की छोटा यावर फरक ठरत नाही. भाषा भावुक आहे की कोरडी यावरही नाही. ‘बाळं कशी भाजली जातात’ हा मथळा भडकच होता, पण त्यामागचं सत्य पक्कं होतं. बातमी वाचताना किंवा पुढे पाठवताना चार प्रश्न विचारले तर फरक बराच स्पष्ट होतो.

पहिला : हे कुणी पाहिलं? ब्लाय आत जाऊन आल्या होत्या. रेमिंग्टनने न पाहिलेलं चित्र काढलं होतं. व्हिडीओ खरा असला तरी तो त्याच जागेचा, त्याच दिवसाचा आहे का, हा प्रश्न यातच येतो.

दुसरा : गोष्टीत कोण बोलत नाही? मेलेला माणूस, अटकेतला माणूस, लहान मूल, भाषा न येणारी बाई. ज्याच्याबद्दल सगळे बोलत आहेत आणि जो स्वतः कुठेच नाही, त्याच्याबद्दल निकाल देण्याची घाई करू नये.

तिसरा : ज्याचं दुःख दाखवलं जातंय, त्याला यातून काय मिळतंय? इस्पितळातल्या बायकांना चौकशी मिळाली. जहाजावरच्या तरुणींना आणखी एक अपमान मिळाला. रडणाऱ्या आईपुढे माईक धरण्याचा प्रश्न हाच आहे.

चौथा : वाचून झाल्यावर काही कळलं, की नुसतंच काही वाटलं? राग आला, पण का, कुणामुळे, पुढे काय हे सांगता येत नसेल, तर ती बातमी नव्हती, भडका होता.

या प्रश्नांचा अर्थ माणसाच्या गोष्टी वाचू नयेत असा नाही. आकड्यांनी कुणाचं काळीज हलत नाही, आणि काळीज हललं नाही तर इस्पितळाची दारंही उघडत नाहीत. स्वतः पुलित्झरही पुढे या घसरणीपासून दूर झाले. १९११ मध्ये वारले तेव्हा त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचं शिक्षण आणि पारितोषिकं सुरू करण्यासाठी पैसा ठेवला होता. १९१७ पासून दिली जाणारी पुलित्झर पारितोषिकं आज चांगल्या पत्रकारितेचा मानदंड समजली जातात. त्यांच्या नावाशी ‘पिवळा’ शब्दही जोडलेला आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

‘मेन’ युद्धनौकेचं काय झालं? १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जुने पुरावे पुन्हा तपासून घेतले. स्फोट बाहेरून झाला नसावा, बहुधा कोळशाच्या कोठारातली आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोहोचली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर आजही मतभेद आहेत. ‘शत्रूचं कृत्य’ हा मथळा छापायला दोन दिवस लागले होते. हे उत्तर यायला ७८ वर्षं लागली.